रक्तातली ओळख

पट्टीचा तो गोल तुकडा अजून शिवहारच्या कोपराच्या खळग्यात चिकटलेला होता, त्याच्या रापलेल्या हातावर उपरा दिसणारा, फिकट गुलाबी, आणि मधोमध वाळलेल्या रक्ताचा मसुराएवढा ठिपका. ओसरीच्या कडेला उकिडवा बसून तो बादलीतलं पाणी तोंडावर मारत होता. पाणी कोपरापर्यंत ओघळून पट्टीखाली शिरत होतं, तरी ती निघत नव्हती, आणि तोही ती काढत नव्हता. रागिणी दाराच्या चौकटीला टेकून त्या ठिपक्याकडे बघत राहिली. काल नांदेडच्या दवाखान्यात सगळं सांगून, समजावून झाल्यावरही त्यानं हट्ट धरला होता — मशीन चुकत असंल साहेब, अजून एकदा घ्या रक्त — आणि डॉक्टरांनी, बहुधा त्याचा चेहरा बघूनच, घ्या म्हटलं होतं. पण उत्तर बदलायचं नाही, हेही सांगितलं होतं.

त्याचं मूत्रपिंड तिला चालणार नव्हतं. रक्तगट एकच, वय ठीक, मेंढरांमागं चालून चालून त्याचा देह दगडासारखा झालेला — सगळं जुळत आलं होतं, आणि शेवटच्या तपासणीत... "यांच्या पांढऱ्या पेशी आणि तुमच्या रक्तातलं पाणी आम्ही एकत्र ठेवतो," डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या रक्तानं यांच्या पेशी मारून टाकल्या." किती सहज म्हणाले — मारून टाकल्या. आणि त्या क्षणी रागिणीच्या आत, बरगड्यांच्या खाली कुठंतरी, काहीतरी हललं होतं. तिनं मान खाली घातली. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाईला धक्का बसला. पण तो धक्का नव्हता, दुःख तर नव्हतंच, आणि घरी येऊन पडल्यावरही ती त्याला नाव शोधत राहिली, आणि नाव सापडलं तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली. तो आनंद होता. लहान, कडक, कुणाला दाखवता न येणारा.

"काय म्हनला मंग डाक्टर?" सासूबाई, कौशल्याबाई, चहाची कपबशी घेऊन आल्या. रागिणीच्या वाट्याचा चहा तळाशीच असायचा, दोन घोट. पाणी पिण्यावर बंधन आल्यापासून तो घोट जिभेवर किती वेळ धरायचा हे तिला कळू लागलं होतं. "काल आल्यापासून कोनी बोलंना झालंय."

शिवहार पंचानं तोंड पुसत राहिला. "जमत न्हाई म्हनला. रक्त जुळंना."

"काहून जुळंना? गट तर येकच हाय म्हनले व्हते."

"गट येक हाय. दुसरं कायतरी हाय रक्तात."

"काय दुसरं?"

त्यानं रागिणीकडं पाहिलं नाही. "हाय कायतरी," म्हणाला, आणि मोटारसायकल ढकलत अंगणाबाहेर काढू लागला.

कौशल्याबाई तिथंच उभ्या राहिल्या. "नवराबायकोचं रक्त कुठं जुळतंय माय," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "पत्रिका बघतेत, सोयरीक बघतेत... रक्त कोन बघतंय." आणि मग एकाएकी त्यांनी रागिणीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिला ओळखीचा वाटला. याच हातांनी त्या दोन्ही वेळी तिला खारीक-खोबरं घालून खिरी केल्या होत्या, पाठ शेकली होती, कानाला फडकं बांधलं होतं. कुणाला काही न विचारता, कुणाला काही न सांगता, बाळंतिणीला करतात ते सगळं. फक्त पाळणा माळ्यावरच राहिला होता. त्या खिरीची चव... नको. आत्ता नको. बस चुकेल.

गावातून आखाडा बाळापूरपर्यंत मोटारसायकल, तिथून हिंगोलीची बस. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी डायलिसिससाठी हेच. रस्त्याच्या कडेला शेताशेतात हळद शिजत होती. कढयांमधून उठणारी ती ओली, मातकट वाफ एके काळी तिला आवडायची. आता ती सोसवत नाही. तिनं पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं, नेहमीसारखं, त्याचा सदरा पाठीमागून धरला. धरताना आज प्रथमच तिच्या मनात आलं: हा सदऱ्याच्या आतला माणूस माझ्या रक्ताला चालत नाही. मी याचं खाल्लं, याच्या अंथरुणात झोपले, याच्या मेंढरांच्या लेंड्या गोळा केल्या, आणि एवढी सगळी वर्षं आत कुणीतरी याच्यासाठी हत्यार घासत बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

बसमध्ये तो तिच्याशेजारी बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, काल डॉक्टरांसमोर बसला होता तसाच.

काल... डॉक्टरांनी समोरची फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "असं रक्त तयार होण्याची दोन-तीन कारणं असतात. बाहेरचं रक्त चढवलं असेल. किंवा बाळंतपणं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं ना — त्याच्या पेशी आईच्या रक्तात येतात, आणि आईच्या संरक्षक पेशी त्यांना ओळखून ठेवतात. किती वेळा दिवस गेले होते?"

"येकदाच," शिवहार म्हणाला. लगेच म्हणाला. खुर्चीमागं उभ्या असलेल्या पुनमकडं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीकडं हात करून म्हणाला, "हीच. येवढीच."

आणि रागिणी म्हणाली, "तीनदा."

ती का बोलली? बसच्या खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून ती पुन्हा त्या जागी गेली. ठरवून बोलली नव्हती. डॉक्टरांना खरं सांगावं म्हणून? की मारून टाकल्या हा शब्द ऐकल्यावर आत जे हललं होतं, त्यानंच तिचं तोंड वापरलं? डॉक्टरांनी वर पाहिलं. "बाकीची दोन?" पंखा फिरत होता. शिवहार स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होता. "पाडली," ती म्हणाली. "पोरी व्हत्या." डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "दुसऱ्या खेपेला मला रक्त बी चढवलं व्हतं," तिनं सांगितलं, जणू तेवढंच महत्त्वाचं राहिलं होतं. मागं वळून बघायची हिंमत रागिणीला झाली नाही. तिला फक्त आपल्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली लेकीची बोटं जाणवत होती, आणि मग ती जाणवेनाशी झाली.

येताना तिघं एकाच बसमध्ये होती. बाळापूर आलं, हे दोघं उतरली. पुनम उतरली नाही. तिला हिंगोलीला कॉलेजच्या वसतिगृहावर जायचं होतं हे खरं, पण रात्री घरी राहून सकाळी जायचं ठरलं होतं. ती खिडकीतून समोर बघत राहिली आणि बस निघून गेली. एरवी डायलिसिसच्या दिवशी कॉलेज सुटलं की ती दवाखान्यात येऊन बसते. आज येईल? ...आणि आली तर?

कळमनुरी मागं पडलं. शिवहारनं पिशवीतून काहीतरी काढून तोंडात टाकलं, बडीशेप असावी, आणि तिच्यापुढं हात केला. तिनं मान हलवली. त्या वेळी जीपमध्ये त्यानं संत्री सोलली होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावाहून, एका मागच्या दाराच्या खोलीतून परत येताना. तिच्या ओटीपोटात कापसाचा बोळा आणि कळ, आणि हा शेजारी बसून एकेक फोड सोलतोय, वरच्या शिरा काढतोय, बी काढतोय, आणि तिच्या ओठांपाशी धरतोय — खा, ताकद यील. इतक्या मायेनं त्याआधी कुणीच तिला काही भरवलं नव्हतं. तेच तर तिला कधी उलगडलं नाही. तो मारत नव्हता, दारू पीत नव्हता, मेंढी अडली तर रात्र रात्र तिच्याजवळ बसून राहायचा. आणि त्या दोन्ही वेळी त्यानं तिला विचारलं नव्हतं. जायचंय, एवढंच म्हणाला होता, आणि ती गेली होती, चपला घालून, स्वतःच्या पायांनी. मी नाही म्हटलं नाही. म्हणता आलं असतं का, हा प्रश्नही तेव्हा आला नाही. आणि दुसऱ्या खेपेनंतर दिवस राहिलेच नाहीत. तो त्यावरही काही बोलला नाही.

"मला वाटलं व्हतं जुळंल," शिवहार एकाएकी म्हणाला. बसच्या खडखडाटात तिला आधी नीट ऐकू आलं नाही.

"काय?"

"मला वाटलं व्हतं जुळंल. तेवढं जुळलं असतं तर..."

"तर काय?"

त्यानं समोरच्या सीटच्या पाठीकडं पाहिलं. "फिटलं असतं," म्हणाला.

म्हणजे त्याच्याही मनात होतं. इतकी वर्षं. आणि तो ते असं फेडणार होता. कुशीतून एक तुकडा काढून माझ्या कुशीत ठेवणार होता, आणि मग आम्ही दोघं बरोबरीत. आणि गावानं म्हटलं असतं, नवरा असावा तर असा; आणि सासूनं माझ्यासमोर त्याच्यावरून मीठमोहरी उतरली असती; आणि मी जन्मभर त्याचा तुकडा आत सांभाळत, तो रुसू नये म्हणून गोळ्या खात... नाही. बरं झालं. बरं झालं तुझ्या पेशी मेल्या. तिच्या मनात हे इतक्या मोठ्यानं उमटलं की तिला वाटलं आपण बोललोच, आणि तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. पापण्या आतून हलत होत्या.

डायलिसिसच्या खोलीत थंड आणि पांढरं होतं. "मावशी, या, काट्यावर उभ्या राहा," शीतल म्हणाली. मशीन लावणारी ती मुलगी रागिणीची शीर बोटांनीच ओळखायची. "पाणी जास्त झालंय. काल काय प्याल्या?"

"काल नांदेडला गेल्तो. ऊन व्हतं."

"काय म्हणाले मोठे डॉक्टर?"

"बघू म्हनले."

शीतलनं डाव्या हातावरच्या फुगलेल्या शिरेत सुया घातल्या, आणि रक्त नळीतून वर चढू लागलं, गडद, संथ, आणि चाकाच्या फेऱ्यात शिरलं. शिवहार दाराशी उभा राहून ते बघायचा आणि मशीन नीट चालू झालं की बाहेर जाऊन लिंबाखाली बसायचा. आज तो बघायला थांबला नाही.

रागिणी आपलं रक्त बघत राहिली. बाहेर आलेलं, फिरणारं, धुतलं जाऊन परत येणारं. मशीन पाणी काढतं, क्षार काढतं, साठलेलं विष काढतं. पण ज्या पेशी ओळखून ठेवतात, त्या नाही काढत. त्या तशाच परत येतात. किती लहान असतील? आणि कुठं बसून राहत असतील? — डॉक्टर म्हणाले होते, हाडांच्या आतल्या मगजात, वर्षानुवर्षं. एकदा पाहिलेलं त्या विसरत नाहीत. आणि तिला त्या वेळी वाटलं होतं, आणि आत्ताही इथं पडून वाटलं, की ही माझी माणसं आहेत. माझ्या बाजूची. मी विसरायचं ठरवलं, मी देवळात जाऊन नारळ फोडला, मी पुनमच्या शाळेच्या डब्यात जीव घातला, जिथं पाडलं त्या दोन्ही खोल्या मी एकच करून टाकल्या डोक्यात — आणि ह्यांनी मात्र ती खूण पुसू दिली नाही. त्या दोघी माझ्या अंगात थोडा थोडा काळ राहिल्या, आणि जाताना बापाची ओळख ह्यांच्या हाती देऊन गेल्या. हा माणूस. पुन्हा दारात आला तर...

ओठ कोरडे पडले होते. तिनं ते जिभेनं ओले करून पाहिले, जीभही कोरडीच होती.

आणि तरी — हे तिला आवडलं नाही, पण विचार आलाच — ह्यांनीच तर मला इथं आणून निजवलं. आधी पायांवर सूज, मग लघवीला फेस. आणि त्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाई, बाहेरून काही लागलेलं नाही, तुमच्या अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकल्यात, त्यांनी बनवलेलं काहीतरी मूत्रपिंडात साठतंय, आणि ते काढायला आलेल्या दुसऱ्या पेशी तिथं सूज आणताहेत, ती सूज हळूहळू मूत्रपिंड वाळवून टाकतेय. सासरे, नामाजी, तेव्हा सोबत होते. जन्मभर मेंढरं राखलेला म्हातारा, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "म्हंजी राखनीचं कुत्रंच कोकरं खाऊन राहिलं म्हना." डॉक्टर हसले होते. मग त्या पेशींना गुंगीत ठेवायच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी सुजलेलं गोल तोंड, आणि घरात कुणालाही सर्दी झाली की तिच्या छातीत कफ... कारण चोराला दार उघडं होतं आणि कुत्रं घरातच दात मारत होतं. नाही, आतली ती माणसं कुणाच्याच बाजूची नव्हती.

पण काल तर होती. काल एकदा तरी होती.

"आई."

पुनम पायथ्याशी उभी होती. दप्तर पोटाशी धरलेलं, केस नीट विंचरलेले, आणि डोळे असे, की तिचं रडून झालंय की ती रडणारच नाही हे कळू नये. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. मग शीतल पलीकडच्या पेशंटकडं गेली, तेव्हा पुनम खाली बघत म्हणाली, "मला काहून ठेवलं?"

रागिणीनं हे वाक्य काल रात्री शंभर प्रकारे ऐकलं होतं. "तू पहिली व्हतीस," ती म्हणाली.

"म्हंजी पहिली नसते तर."

रागिणीनं नळीतल्या रक्ताकडं पाहिलं.

"सांग की."

"तवा तसं काही केलंच न्हाई. तवा माहीत बी नव्हतं कुठं करतेत."

"माहीत असतं तर?"

मशीन मध्येच एकदा वाजलं, शीतलनं लांबूनच पाहिलं, ते थांबलं. "पुनम," रागिणी म्हणाली, "तुझ्या बापानं तुला कधी..."

"बापूचं मला नको सांगू." पुनमचा आवाज उंच झाला नाही, पण दप्तराच्या पट्ट्यावरची बोटं पांढरी पडली. "त्यांचं मी बघीन. मी तुला विचारलं." आणि मग, तिच्याच्यानं ते तिथं धरवत नसावं म्हणून, ती दुसरंच बोलू लागली, भराभर, परीक्षेत बोलावं तशी. "मी वाचलं सगळं. सरांना पण विचारलं. आपल्या पेशींवर खुणा असतात आई, मेंढरांच्या कानाला आपण खूण करतो तशा. आपला कळप कोणता, दुसऱ्याचा कोणता, ते त्याच्यावरून कळतं. बापूकडं खुणांचे दोन जोड आहेत. पण लेकराला त्यातला एकच जातो. मला एक आला. त्या..." ती अडखळली. "त्या दोघींना कोणता आला, माहीत नाही."

"मंग?"

"तुझ्या रक्तात जे तयार झालंय ते बापूच्या कोणत्या जोडावर झालंय ते बघावं लागतं. माझ्यातल्यावर झालं असंल तर माझं पण चालणार नाही. मी आले तर मला पण मारतील." ती हे म्हणाली, मला पण मारतील, आणि क्षणभर थांबली. "पण त्या दोघींना दुसरा जोड आला असंल, आणि तुझा सगळा राग त्याच्यावर असंल, तर माझं चालू शकतं. सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मला तपासून घ्यायचंय."

"न्हाई."

"ऐक तर."

"न्हाई म्हनलं ना. तुझं लगीन व्हायचंय, लेकरं व्हायचीत. मी जिती हाय तवर तुझ्या अंगाला चाकू लागू द्यायची न्हाई." हे शब्द तिच्या तोंडून सरळ, बरोबर आले, आईचे असतात तसे. पुनमनं आईच्या सुया टोचलेल्या हाताखालची चादर सारखी केली आणि पाण्यात बुडवलेला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला, आणि रागिणीनं तो नकळत चोखला, लेकरासारखा.

मग पायात गोळा आला. पाणी जास्त काढलं की येतो तसा, पोटरीपासून वर चढणारा, बोटं वाकडी करणारा. शीतल धावत आली, पुनम पाय दाबू लागली, कुणीतरी मशीनचा वेग कमी केला, आणि खोलीच्या कडा काळ्या होत आत येऊ लागल्या. त्या काळोखात रागिणीला नीट दिसलं की ती मरणार आहे. आज नाही, पण इथंच, अशाच एका दिवशी, अशाच खाटेवर. मूत्रपिंडासाठी सरकारी यादीत नाव आहे, पण ते कधी मिळेल आणि मिळालं तरी हे असलं रक्त त्याला तरी घेईल का, ते डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं हे तिला माहीत आहे, पण ते माहीत असणं आतापर्यंत कपाटात घडी घालून ठेवलेलं होतं. आता ते छातीवर बसलं होतं. आणि तेव्हा, लेकीची उबदार बोटं पोटरीवर जोरानं फिरत असताना, तिच्या आत कुणीतरी म्हणालं: देवा, त्या दोघी हिच्यासारख्या नसू देत.

गोळा उतरला. छत पुन्हा पांढरं झालं. ते वाक्य मात्र उतरलं नाही.

मी काय म्हणाले हे? मी त्यांच्याबद्दल असं... ज्यांना मी कुणाची म्हणून ओळखलंही नाही, ज्यांचं नाक कुणासारखं, कान कुणासारखे हे कुणीच पाहिलं नाही, त्यांच्याबद्दल मला आज एवढंच हवंय की त्या हिच्यासारख्या नव्हत्या. त्यांच्यात दुसरंच काहीतरी होतं. सगळा राग, सगळं हत्यार त्यांच्यावर निघालं आणि हिच्यासाठी काही उरलं नाही. म्हणजे एकदा आम्ही त्यांना काढलं, आणि आता मी त्यांना पुन्हा बाजूला करतेय. म्हणजे मला हवंय. मघाशी मी नाही म्हणाले आणि मला हवंय — हिच्या कुशीतलं, कोवळं, धडधाकट — मला जगायचंय. पोटभर पाणी प्यायचंय. तिनं घाईघाईनं कालचा तो आनंद शोधला, तो लहान, कडक, आपला. आणि तो जिथं ठेवला होता तिथं नव्हता. शिवहारच्या पेशी मेल्या होत्या, आणि त्यात आता कसलाच विजय उरला नव्हता, फक्त एक दाता कमी झाला होता.

दुपार कलली तेव्हा सुया निघाल्या. हात दाबून धरत ती बाहेर आली. पुनमनं एका बाजूनं धरलं होतं. लिंबाखालून शिवहार उठला, त्यानं लेकीकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. त्याच्या धोतराला माती लागलेली होती. किती वेळ तो तसाच बसला होता कुणास ठाऊक. बसस्टँडपर्यंत तिघं चालत गेली, रागिणी मध्ये. रिक्षावाले हिंदीत ओरडत होते, कुणाच्या तरी मोबाइलवर लग्नाचं गाणं चाललं होतं.

नांदेडची बस लागलेली होती. पुनम थांबली. बापाच्या समोर उभी राहिली. कालपासून पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "बापू, उद्या मी नांदेडला जाऊन राहिले. माझं रक्त द्यायला. तुमी येता का संगं? न्हाई आलात तरी मी जाणार हाय."

शिवहारनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रागिणीला वाटलं तो खेकसेल. वाटलं तो नेहमीसारखा ठरवेल. जायचं, किंवा न्हाई जायचं. आणि मग तो माणूस, ज्यानं त्या दोन्ही खोल्यांत नेताना तिला विचारलं नव्हतं, हळूच तिच्याकडं वळला.

"तू काय म्हनतीस?" तो म्हणाला.

दोघंही तिच्याकडं बघत होती. कंडक्टर बाळापूर, बाळापूर, वारंगा ओरडत दाराला लटकला होता. इतक्या वर्षांनी आलेला तो प्रश्न. तो यायला हवा होता तेव्हा आला असता तर काय म्हटलं असतं ते तिला आता लख्ख ठाऊक होतं, एकच शब्द, लहानसा, मघाशी खाटेवर तिनं तो दोनदा म्हटलाही होता. तिच्या रक्ताला तो न विचारता येत होता. तिनं तो घशाशी आणला. पुनमच्या कपाळावर घाम होता, कानाच्या पाळ्या उन्हात आरपार लाल दिसत होत्या, जिवंत. रागिणीनं ओठ हलवले. शब्द आला नाही. ती वाट बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायचा होता, आणि तो येत नव्हता, आणि तिला कळत होतं की जितका वेळ तो येत नाही तितका वेळ ती हो म्हणत उभी आहे.